निरंक झालेली विहीर

चैत्र आला की आमच्या सांगलीतल्या घराच्या गच्चीवर कडुलिंबाचा मोहोर पडायला लागतो. बारीक, पांढरा, कडवट-गोड वासाचा. सूनबाई दिवसातून दोनदा झाडतात, दोन्ही वेळा तो परत पडतो. लोकांना या वासाने पाडवा आठवतो, सुट्ट्या आठवतात, कैरीची डाळ आठवते. मला कागद आठवतात. उभ्या-आडव्या रेघांचे, मनगटाच्या घामाने कडेला ओलसर झालेले कागद. ऐंशीच्या घरातल्या माणसाला भ्यायला दवाखान्याचे कागद पुरेसे असतात, त्यासाठी लिंबाच्या फुलांची गरज नसते. मला मात्र दर वर्षी ती फुलंच घाबरवत आली आहेत.

यंदा त्यात नातीची भर पडली. रेवा पुण्याला एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. "आजोबा, तुमच्याकडे शांतपणे काम होईल," म्हणून आली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. त्याला तीन आठवडे झाले. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तिच्या कंपनीचा एक अवाढव्य प्रोजेक्ट आहे. पंधरा-वीस वर्षं माणसं आली, त्यात भर घातली आणि निघून गेली. तो आता जुन्या कंपायलरवरून नव्या कंपायलरवर न्यायचा आहे. कंपायलर म्हणजे काय तेही तिने मला समजावलं. आपण लिहितो ते यंत्राला कळत नाही. आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. जुना दुभाषा सोशिक होता. कुणी वेडंवाकडं लिहिलं तरी सांभाळून घ्यायचा, चकार शब्द काढायचा नाही. नवा काटेकोर आहे. त्याने पहिल्याच दिवशी नऊ हजार तक्रारी काढून दाखवल्या.

पहिल्या आठवड्यात रेवा हसत होती. दुसऱ्या आठवड्यात तिने केस विंचरायचं सोडलं. एक तक्रार मिटवली की दुसरीकडे तीन उगवतात म्हणाली, आणि ज्यांनी मुळात ते लिहिलं त्यातलं आता कुणी कंपनीत नाही, विचारायचं कुणाला? शुक्रवारी काम द्यायचं आहे. काल दुपारी चहा ठेवायला गेलो तर पोरगी दोन्ही हातांत डोकं धरून बसली होती.

"आता कसली तक्रार आहे?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"एकाच जातीच्या चार हजार आहेत, आजोबा. अपूर्णांक उचलून पूर्णांकाच्या डब्यात ठेवलाय. त्या डब्यात तो मावत नाही. जुना कंपायलर मागचा भाग गुपचूप कापून टाकायचा. नवा प्रत्येक ठिकाणी ओरडतोय."

"आणि कापलेलं जातं कुठे?"

"कुठेच नाही. आकडा एकापेक्षा लहान असला तर सरळ शून्य होतो."

मी चहा तिच्या वहीवरच ठेवला आणि वळून आत निघून गेलो. आजोबांची दुपारच्या झोपेची वेळ झाली, अशी तिने समजूत करून घेतली आणि मीही ती करू दिली.

साठचं दशक संपत आलं होतं. मी कवठे महांकाळकडचा, बी. एस्सी. होऊन घरी बसलेला. पत्र्याची पेटी घेऊन एसटीने तासगाव, विटा, मायणी करत वडूजला उतरलो, तिथून दुसरी गाडी धरून आणखी आत. त्या गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळावं असं मला वाटतं ते बहुतेक आता नाहीत. तिथल्या कचेरीत मी तात्पुरता कारकून म्हणून लागलो. काम एकच होतं. जमिनीची सगळी मापं एकर-गुंठ्यांतून काढून हेक्टर-आरमध्ये घालायची. सगळ्या तालुक्याची. गावन् गाव, शेताचा नंबरन् नंबर.

आमच्याकडचा माणूस जमीन एकरात मोजायचा आणि भांडायचा गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सोळा आण्यांचा गुंठा. सहा भावांत वाटणी झाली की गुंठेही पुरत नसत, मग आणे लागत. जुन्या कागदांत आण्यांना रकाना होता. दोन आणे, पाच आणे असले हाताएवढे तुकडेही तिथे आपापल्या ओळीत नांदायचे. नवा फॉर्म छापून आला त्यात दोनच रकाने होते, हेक्टर आणि आर. आर म्हणजे जवळपास गुंठाच. त्याच्या खाली काही नाही. छापणाऱ्याला वाटलं असेल, गुंठ्याच्या आत कोण काय ठेवणार?

ते कोरे फॉर्म लोणंदला रेल्वेने यायचे आणि तिथून मालमोटारीत कांद्याच्या पोत्यांवर बसून आमच्यापर्यंत. गठ्ठा सोडला की खोलीभर कांद्याचा वास सुटायचा. कचेरीच्या दारात भला मोठा लिंब होता. फाल्गुन सरता सरता तो मोहरला आणि वाऱ्याची झुळूक आली की फुलं खिडकीतून थेट कागदांवर यायची. उन्हाळा असा होता की दौतीतली शाई सकाळी भरली तर दुपारी तळाला जाई. खिडकी लावली तर जीव घुसमटायचा, उघडली तर कागद उडायचे. म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर ओढ्यातले चार-चार गोटे होते. आम्ही फुंकर मारून फुलं उडवायचो आणि लिहायचो. आजही जुना कागद दिसला की मी आधी फुंकर मारतो, सूनबाई हसतात.

आम्ही जोडीने बसायचो. एकाने जुनं दप्तर पुकारायचं, दुसऱ्याने नवं लिहायचं, ही तिथली रीत. माझा जोडीदार बापूराव, फौजेतून हवालदार होऊन परतलेला, पन्नाशीचा, मिशा राखलेला गडी. तो परेडवर हुकूम द्यावा तसा पुकारायचा, "नंबर एकशे बारा, पोटहिस्सा तीन, एक एकर सोळा गुंठे चार आणे!" मी समोर चिकटवलेला तक्ता बघून नवं माप मोठ्याने म्हणत लिहायचो, आणि तो ते परत म्हणायचा. तक्ता मीच केला होता. गणित हे माझं एकच भांडवल होतं. अर्ध्या आरच्या वर असेल तर पुरा आर धरायचा, आत असेल तर सोडायचा, एवढाच नियम वरून आला होता. एखाद्या तुकड्याचं माप अर्ध्या आरच्या आत आलं की हेक्टर शून्य, आर शून्य. मग मी म्हणायचो, "निरंक." बापूराव जुन्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीने काट मारायचा आणि पुढचा नंबर पुकारायचा.

पण जमत नव्हतं. दिवसभर घासून एक गाव पुरं करावं आणि शेवटी तेरीज मारावी, म्हणजे सगळ्या तुकड्यांची बेरीज घ्यावी, तर ती गावाच्या एकूण क्षेत्राशी जुळायची नाही. तीन आर कमी, पाच आर जास्त. कुठे गेले? कुठेच नाही. थेंबथेंब करून सोडलेले आणि धरलेले. आमचे अव्वल कारकून, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, ते न जुळलेलं गाव शांतपणे परत टेबलावर ठेवायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं. पावसाच्या तोंडाशी काम संपायला हवं होतं, आणि चैत्र लागला तरी आमची निम्मीसुद्धा गावं जुळली नव्हती. जेवताना मला भाकरीवर रकाने दिसायचे. आपण हे कधीच संपवू शकणार नाही, आपल्याला हाकलून देतील, कवठ्याला जाऊन वडिलांना तोंड कसं दाखवायचं, एवढं एकच चाक डोक्यात फिरत असायचं. रेवा डोकं धरून बसते तेव्हा ते चाक मला तिच्या डोक्यातही फिरताना ऐकू येतं.

आणि मग मला युक्ती सुचली. आजवर मी कुणाला सांगितलं नाही, पण युक्ती माझीच होती. निरंक तुकड्याची ओळ नव्या कागदावर उतरवायचीच नाही. तो शेजारच्या मोठ्या नंबरात मिळवून टाकायचा आणि मग मोठ्या नंबराचं एकदम माप काढायचं. फॉर्म वाचत होते, ओळी वाचत होत्या, आणि मुख्य म्हणजे तेरीज जुळत होती. पहिलं गाव बिनचूक जुळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बापूरावाने सलाम ठोकला. रावसाहेबांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "असे तुकडे म्हणजे बांधाचे कोपरे आणि पड. त्यांचं कोण विचारायला येणार?" माझं नाव कायम करायच्या यादीत घालतो, हेही त्याच दुपारी म्हणाले. मी वडिलांना पत्र टाकलं. पुढचे वीस-पंचवीस दिवस आम्ही गावांमागून गावं जुळवत सुटलो.

इथे मला जरा मागे जायला हवं, कारण विहीर आधी येते. फाल्गुनात रावसाहेबांनी मला एका गावी जुनं दप्तर आणायला सायकलवर पाठवलं होतं. येताना मागे दप्तराचं बासन बांधलेलं, रस्ता फुफाट्याचा, आणि गावाबाहेर येईतो माझ्या घशाला कोरड पडली. वाटेच्या अंगाला एक लहानशी वस्ती होती आणि वस्तीजवळ एक विहीर. घडीव दगडांची नाही, ओबडधोबड. एक साठीचा माणूस पाणी शेंदत होता. अंगात स्वच्छ बंडी, उन्हाने काळवंडलेला चेहरा. मी पाणी मागितलं. त्याने दोर तसाच धरून माझ्याकडे क्षणभर पाहिलं.

"चालंल न्हवं आमचं पानी?" त्याने विचारलं. "बौद्धवाडा हाय ह्यो."

मी ओंजळ पुढे केली. पाणी जरा मचूळच होतं, पण गार होतं, आणि मी शर्ट भिजेपर्यंत प्यालो. त्याचं नाव भिकाजी. सगळे भिकातात्या म्हणतात म्हणाला. विहीर त्यांनी स्वतः खणली होती, अकरा घरांनी मिळून.

"तीन उनाळं खनली बगा. खाली समदा काळा दगुड. सुरुंग परवडंना, मंग पहारीनंच फोडला. पर येक झालं. आता कुनाच्या हिरीवर जाऊन, कुनी वरनं पानी वाढंल का म्हून उभं ऱ्हायाला नगं." असं म्हणून त्याने कठड्यावर हात ठेवला. कौतुकाने, घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी सायकलवर टांग मारून निघालो. मागे बांधलेल्या बासनात त्याच गावाचं दप्तर होतं, आणि त्या दप्तरात ती विहीर एक ओळ होऊन बसलेली होती. अकरा घरांच्या नावे सामाईक, विहिरीपुरती जागा, शून्य एकर, शून्य गुंठे, सात आणे.

ती ओळ बापूरावाने कधी पुकारली, मला आठवत नाही. फार प्रयत्न केला आहे मी आठवायचा. दुपार असेल, लिंबाची फुलं पडत असतील, तो म्हणाला असेल, "सात आणे!" आणि मी म्हणालो असेन, "निरंक." आमच्या दोघांच्याही आवाजात काही फरक पडला नसेल. ते पाणी माझ्या पोटात गेलेलं होतं आणि तरी मला कळलं नाही, हे मला अजून सहन होत नाही.

वैशाख अर्धा झाला असेल. मोहोर सरून लिंबोळ्या धरल्या होत्या. दुपारी भिकातात्या कचेरीच्या दारात उभा राहिला. मी ओळखलं नाही.

"भाऊसाहेब, फागनात पानी प्यालासा की आमच्या हिरीवर. सायकल घिऊन आलतासा."

मग ओळखलं. बसा म्हणालो. तो बसला नाही.

"आमची हीर न्हाई म्हन्त्यात कागदावर."

"कोण म्हणतं असं?"

"शेजारचं बागायतदार. नवा उतारा काडून आनलाय त्येंनी. त्यात त्येंच्या नंबराला कुटं खंड न्हाई. म्हन्त्यात, ही हीर माज्या रानात हाय, मला काय ठावं, सरकारचा कागद बोलतोय. चारी अंगानं बाभळीचं काटं लावल्यात हिरीला." त्याचा आवाज चढला नाही. उलट बारीक होत गेला. "आवं, हीर काय पाय फुटून जाती व्हय? आमी हितंच हाय, हीर हितंच हाय. मंग कागदावरनं गेली कुटं?"

"आणि पाणी?"

"वड्यात झरं उकरतोय. येक घागर भराया सकाळ जाती. काल माजी सून घागर भरंस्तवर तितंच भवळ यिऊन पडली. दिस हायती तिला."

बापूराव पुकारायचा थांबला होता.

"कुनी लिवलं आसंल वो ह्ये?" भिकातात्याने विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "नियमच तसा आलाय, तात्या."

बापूरावाने माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलावरच्या गोट्याकडे. नियम माप सोडायचा होता. ओळ सोडायचा नव्हता. ओळ मी सोडली होती.

भिकातात्याने कंबरेच्या फडक्यातून घडी काढली. जुन्या उताऱ्याची नक्कल. जुळलेल्या गावांची जुनी बासनं बांधून साताऱ्याला गेली होती, त्यामुळे त्या घटकेला तालुक्यात विहिरीचा पुरावा म्हणून तेवढा एक कागद होता. "ह्यो येकच हाय. सांबाळून ठिवा," तो म्हणाला. मी म्हणालो, मी स्वतः अर्ज लिहितो, याला जोडतो आणि पुढे पाठवतो. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि वर म्हणाला, "तुमीच लिवा. तुमी पानी प्यालायसा तितलं. हीर हाय म्हून तुमास्नी ठावं हाय." तो गेल्यावर मी पेन्सिल घेतली आणि त्या कागदाच्या कडेला गणित मांडलं. सात आण्यांचं.

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. ओळ माझ्याकडून गळली, हेही लिहिलं. रावसाहेबांनी तो दोनदा वाचला, मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"ही एक ओळ घातली की शेजारच्या नंबरातून वजा करायला हवी," ते म्हणाले. "वजा किती करणार? आर पुरा होत नाही आणि फॉर्मला खालचा रकाना नाही. म्हणजे गावाची तेरीज बिघडली. बरं, या रीतीने तुम्ही तुकडे मिळवलेत किती?"

मला आकडा माहीत नव्हता. शेकड्यांनी होते.

"एक उघडला की सगळे उघडावे लागतील. सगळा तालुका पुन्हा. करणार आहात?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "यादी परवा जातेय. तिच्यात तुमचं नाव पहिलं आहे. अर्ज तूर्त खणात ठेवा. पावसाळ्यानंतर बघू."

वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही तोंडाला फेस आला होता. मी बाहेर आलो तर बापूराव लिंबाखाली विडी ओढत बसलेला.

"गड्या," तो म्हणाला, "फौजेत चूक झाली तर दोन पावलं म्होरं यिऊन उभं ऱ्हायाचं, आन् म्हनायचं, मी केली. बास. पुकारलं मी, काट मारली मी. माजंबी नाव घाल अर्जात. मी सही करतो. दोगं मिळून उभं ऱ्हाऊ."

असा सोपा रस्ता आयुष्यात मला पुन्हा कुणी दाखवला नाही. मी म्हणालो, "दोन दिवस थांबू या, बापूराव. यादी तेवढी जाऊ दे."

त्याने विडी विझवली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा पुकारा तेवढाच मोठा होता, पण मी निरंक म्हणालो की तो लगेच काट मारत नसे. पेन्सिल धरून माझ्याकडे बघत राहायचा. मग मी पुढचा नंबर सांगा म्हणायचो.

भिकातात्या त्यानंतर तीनदा आला. पहिल्यांदा मी म्हणालो, अर्ज गेलाय. दुसऱ्यांदा म्हणालो, वरून उत्तर यायचंय. दहा मैल चालत यायचा तो, उन्हाचा. तिसऱ्यांदा त्याने काही विचारलंच नाही. लिंबाखाली बसून राहिला, पिकून पडलेल्या लिंबोळ्या एका बाजूला सारत. मी खिडकीतून बघत होतो आणि लिहीत होतो. कचेरी सुटायच्या सुमाराला तो उठला, खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, सून गेली. बाळबी गेलं." एवढंच. हिशोब मागितला नाही की शिव्या दिल्या नाहीत. वहाणा हातात घेऊन निघून गेला. पुन्हा आला नाही.

ते झऱ्याच्या पाण्याने झालं की अशक्तपणाने, की ते तसंही व्हायचं होतं, मला माहीत नाही. मी स्वतःला हजार वेळा म्हटलं आहे, तसंही झालंच असतं. एकदाही पटलेलं नाही.

यादी आली. मी कायम झालो आणि सांगलीकडे बदली मिळाली. खण रिकामा करताना अर्ज आणि नक्कल पेटीत टाकली. म्हटलं, तिथून पाठवू. सांगलीला आल्यावर खोली बघायची होती, मग लग्न ठरलं, मग पोरं झाली. ज्या नोकरीसाठी थांबलो ती नोकरी मी चौतीस वर्षं केली, तीही जमिनीच्याच कागदांत. लोक म्हणत, या माणसाच्या हातचा आकडा चुकत नाही. निरोपाच्या समारंभात एका वक्त्याने तेच सांगितलं, आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

मध्ये एकदा वडूजला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून विहिरीच्या गावी उतरलो. नक्कल खिशात होती. विहिरीवर इंजिन बसलेलं होतं, पाइप शेजारच्या मळ्यात गेलेला, आणि पलीकडे ऊस डोलत होता. वस्तीतली एक बाई डोक्यावर घागर घेऊन लांबून येत होती. मला बघून थांबली. "कुनाकडं आलासा?" म्हणाली. मी म्हणालो, "कुणाकडे नाही. वाट चुकलो." ती म्हणाली, "पानी पाजू का?" मी नको म्हणालो आणि जवळजवळ पळतच रस्त्याला लागलो.

आज सकाळी रेवाने तोंड धुतलं होतं, केस बांधले होते. मला वाटलं, सुटलं वाटतं.

"मॅनेजर म्हणाला, एवढं कशाला जीव काढतेस," ती म्हणाली. "एक ओळ लिहायची. या जातीच्या तक्रारी दाखवूच नकोस, असं कंपायलरला सांगता येतं. चार हजार एका फटक्यात गप्प. पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे बिनचूक, दिसेल आणि शुक्रवारी काम जाईल."

"मग लिहिलीस?"

"लिहिलीय. फक्त बटण दाबायचंय." पण ती दाबत नव्हती. "चार हजारांतल्या बहुतेक फालतूच असणार, आजोबा. कुणाला काही फरक पडणार नाही अशाच."

मी उठलो. माळ्यावरून पेटी काढायला मला वेळ लागला. अर्जाचा कागद तळाला चिकटून फाटला, नक्कल मात्र चांगली निघाली, फडक्याच्या घडीची खूण अजून तिच्यावर होती. मी सवयीने फुंकर मारली आणि ती रेवाच्या लॅपटॉपवर ठेवली. बोटाने अकरा घरांच्या विहिरीची ओळ दाखवली. सोळा आण्यांचा गुंठा सांगितला, आर सांगितला. पोरीला एवढं पुरे झालं. तिने हिशोब केला, मग पडद्याकडे आणि कागदाकडे दोनदा पाहिलं.

"हे शून्य नाही, आजोबा," ती म्हणाली. "शून्य पूर्णांक चव्वेचाळीस आहे."

"हो."

"इथे कडेला पेन्सिलीने तेच लिहिलंय कुणीतरी. शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. कुणी लिहिलं हे?"

भिकातात्यानेही हेच विचारलं होतं. कुनी लिवलं आसंल वो ह्ये?

"मी," म्हणालो.

रेवाने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तिच्या वयाच्या माणसाला सगळं एकदम कळत नाही, पण ही मुलगी हुशार आहे. तिने तिची ती एक ओळ खोडली, तक्रारींची यादी पहिल्यापासून उघडली, आणि पडद्यावरून नजर न काढता मला विचारलं, "मग हा कागद आपल्या घरात काय करतोय?"